चाकाच्या आतला रंग

टप्प.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. जेवणाच्या टेबलाशी कामाचे कागद पसरून बसलेल्या तिने पेन्सिल वर उचलली, श्वास रोखला आणि आतल्या खोलीकडे कान लावला. तिकडे हालचाल नव्हती. तिची पाच वर्षांची लेक भिंगरी, जागेपणी चार मिनिटं एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव पडलेली, अजून झोपलेली होती. म्हणजे पाऊण तास हातात होता. शेजारच्यांनी मिक्सर लावला तर वीस मिनिटं.

आवाज मागच्या अंगणातून आला होता आणि तो कशाचा, हे तिला न बघता कळलं. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं की असंच वाजतं. कशाने उचकटलं तेही कळलं, कारण सकाळी घासून ठेवलेला मोठा चमचा ओट्यावर नव्हता.

"बाबा," मागच्या दारात जाऊन ती दबक्या आवाजात म्हणाली, "काय चाललंय?"

"काही नाही," सासरे म्हणाले.

सासऱ्यांच्या भाषेत 'काही नाही' म्हणजे रंगाचे किमान दोन हात. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली आणि रविवारी सुट्टी म्हणून स्वतःचं. पत्रपेटी, शिडी, विजेच्या मीटरची पेटी, बादलीची कडी, कपडे वाळत घालायचे खांब. घरात जी वस्तू हलत नाही ती त्यांनी रंगवली होती आणि जी हलते ती थांबायची ते वाट बघत असत. भिंगरी रांगायला लवकर लागली त्याचं कारण हेच असावं, असं तिच्या पप्पांचं मत होतं.

सहा महिन्यांपूर्वी मात्र त्यांचा हात थरथरायला लागला. एका गिऱ्हाइकाने अगदी गोड शब्दांत सांगितलं की काका, छताची कड जरा लाजल्यासारखी दिसतेय. सासरे घरी आले, ब्रश धुतले, वाळवले, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. तेव्हापासून ते दिवसभर टीव्हीवर हवामानाच्या बातम्या बघत बसत, जणू कुणाची भिंत वाळायला किती वेळ लागेल ही जबाबदारी अजून त्यांच्यावरच होती.

आणि मग कॅरॅव्हॅन आली.

मोटारीमागे जोडून न्यायची ही चाकांवरची खोली नवऱ्याने ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून विकत घेतली होती. दोन पलंग, एक ओटा, वर कपाटं, आणि सगळ्याचा भार दोन बाजूंच्या दोन चाकांवर. घेण्याआधी त्याने ती नीट पारखून घेतली. पलंगावर बसून बघितलं, दार दोनदा उघडून लावलं आणि चाकाला एक लाथ मारली. तिन्ही परीक्षांत कॅरॅव्हॅन पहिल्या वर्गात पास झाली. शनिवारी निघायचं, आठवडाभर समुद्रावर राहायचं, असं ठरलं. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीसाठी हो म्हटलं. हवामानाच्या बातम्यांचा त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही उपयोग झाला.

कॅरॅव्हॅनबरोबर बासष्ट पानांचं माहितीपुस्तक मिळालं होतं. ते मिळालं सिंकखाली, एका ओल्या फडक्याच्या सोबतीने. ते वाचणारी घरात ती एकटीच, कारण तिचं पोट त्यावरच चालायचं. शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कंपनीची माहितीपुस्तकं ती घरी बसून तपासायची. 'सुईखाली बोट घालू नये.' 'ओल्या हाताने प्लगला स्पर्श करू नये.' ही वाक्यं जगात दोनच माणसं वाचतात, एक लिहिणारा आणि दुसरी ती. त्यामुळे भिंगरीच्या झोपेतून चोरलेल्या वेळात तिने कॅरॅव्हॅनचं पुस्तकही पेन्सिल हातात घेऊन वाचलं होतं. शुद्धलेखनाच्या सहा चुका सापडल्या. अडतिसावं पान सापडलं तेही असंच. त्याचं शीर्षक होतं, 'चाक निखळू नये म्हणून.'

आता ती अंगणात गेली. नवऱ्याने सकाळी कामावर जाण्याआधी जॅक लावून दोन्ही चाकं काढून दिली होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि सासरे पाटावर बसून त्यातल्या एकाला गडद लाल रंगाचा तिसरा हात देत होते. बाहेरून झालंच होतं. आता आतली बाजू चालली होती, जी गाडीला चिकटून बसते ती. एवढंच नव्हे, चाक ज्यावर बसतं ती लोखंडी चकतीही लाल झाली होती. बोल्ट जिथे रुततात त्या भोकांच्या कडा त्यांनी बारीक ब्रशने एकेक करून भरल्या होत्या.

अडतिसाव्या पानावर लिहिलं होतं: 'चाक आणि चकती जिथे एकमेकांना टेकतात तिथे रंग, गंज, तेल किंवा माती असू नये. धातूला धातू भिडला पाहिजे.' त्याखाली पेन्सिलीची रेघ होती. तिनेच ओढलेली.

"बाबा, आतल्या बाजूला नाही लावला तरी..."

"आतूनच आधी गंज धरतो."

"नाही, पण आत बघणार कोण?"

"मी बघतोय ना," सासरे म्हणाले. "बाहेरून चकाचक आणि आतून तसंच, असलं काम मी केलं नाही कधी. ठेकेदार ओरडायचा माझ्यावर, कपाटामागची भिंत कशाला रंगवतोस म्हणून. म्हटलं, अरे, उद्या कपाट हलवलं त्या बाईने, तर तिला काय वाटेल?"

"काय वाटेल?"

"तिला वाटेल, याने मला फसवलं." त्यांनी ब्रश भोकाच्या कडेवरून फिरवला. केसाएवढी बारीक, गोल, अखंड रेघ उमटली. "हे बघ."

तिने बघितलं. त्यांनीही बघितलं. दोघांनीही रेघ नाही, हात बघितला. हात थरथरत नव्हता. त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, उगाच आवाज करून फुलपाखराला उडवू नये तसं.

दुसऱ्यांच्या चुका दाखवायचा पगार घेणाऱ्या तिने जिभेवर आलेलं अडतिसावं पान गिळून टाकलं. संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर घालू, असं तिने ठरवलं. माणसाला गप्प बसायचं असलं की तो नेहमी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतो.

"छान झालंय बाबा," ती म्हणाली. आत जाऊन तिने सुईखाली बोट न घालण्याविषयीचं वाक्य तीनदा तपासलं.

संध्याकाळ झाली. पण संध्याकाळी सासरे चाकांशेजारीच खुर्ची टाकून बसले होते, आणि रंग वाळला की नाही हे करंगळीने बघत होते. त्यांच्यादेखत कसं बोलणार? मग दुसरा दिवस उजाडला, आणि नवरा पाना घेऊन चाकं बसवायला लागला.

त्याची पद्धत सोपी होती. बोल्टला पाना लावायचा, दांड्यावर उभं राहायचं आणि दोन उड्या मारायच्या. भिंगरी मोजायला बसली होती. या पद्धतीचा फायदा असा की काही मोजावं लागत नाही. तोटा असा की काही मोजलं जात नाही.

"त्याच्यासाठी वेगळा पाना मिळतो," ती म्हणाली. "पाहिजे तेवढं आवळलं गेलं की तो कट्ट वाजतो. कमी नाही, जास्त नाही. आणि एकाशेजारचा एक असे नाही आवळायचे, समोरासमोरचे आवळायचे."

"माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. हाच माझा पाना."

"गेल्या वर्षी सत्तर होतं."

"मग?"

"मग गेल्या वर्षीचे बोल्ट सैल म्हणायचे की यंदाचे जास्त घट्ट?"

सासरे खुर्चीत हसले. नवऱ्याला ते लागलं आणि त्याने तिसरी उडी मारली.

"जास्त घट्ट झालं तर कुणाचं काय जातं?"

"बोल्ट ताणला जातो. ताणलेला बोल्ट पकड धरत नाही. एकोणचाळिसाव्या पानावर..."

"अगं, हे पुस्तकवाले स्वतःची मान सोडवायला काहीही लिहितात. तुला सांगायला हवं का? तूच तर तपासतेस ना, सुईखाली बोट घालू नये. कोण घालतं सुईखाली बोट?"

"पुस्तक न वाचणारे."

"पप्पा, सव्वीस झाल्या," भिंगरी म्हणाली.

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडं होतं, विषय निघालेला होता, नवरा समोर होता. फक्त सासरेही समोर होते, फडक्याने चाकावरचा बोटाचा ठसा पुसत. तिने पन्नास किलोमीटरचा नियम तेवढा वाचून दाखवला. चाक काढून लावलं की पन्नास किलोमीटर झाल्यावर थांबून बोल्ट परत आवळून बघायचे, कारण सुरुवातीच्या धावण्यात ते थोडे बसतात. नवरा म्हणाला, बघू. या 'बघू'ची आणि तिच्या 'संध्याकाळी'ची जात एकच होती, पण हे तिला तेव्हा सुचलं नाही.

शनिवारी सकाळी एक मात्र झालं. भिंगरीने कॅरॅव्हॅनमध्ये बसून प्रवास करायचा हट्ट धरला.

"तिथे पलंग आहे," ती म्हणाली. "मी झोपणार. आजोबा पण झोपणार."

"बसू दे की," सासरे म्हणाले. "मी असतो ना सोबत."

"अर्धा तास बसू दे," नवरा म्हणाला. "झोपली तर आपलाही अर्धा तास शांततेत जाईल."

"नाही," ती म्हणाली.

"अगं पण..."

"चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसाने बसायचं नाही. नाही म्हणजे नाही. बाबा, तुम्हीही नाही."

भिंगरीने जमिनीवर अंग टाकलं. समोरच्या घराची खिडकी उघडली. नवऱ्याने 'किती ताणतेस' अशा नजरेने बघितलं आणि सासरे, ज्यांनी आत पलंगावर स्वतःच्या हाताने चादर घातली होती, मोटारीत जाऊन मागच्या सीटवर बसले. त्यांच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं की सून फार शिकलेली असू नये. तिने कॅरॅव्हॅनचं दार ओढून कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि एक घाम आलेली, लाल झालेली, लाथा झाडणारी मुलगी उचलून मोटारीत कोंबली. भिंगरी पुढचे वीस किलोमीटर तिच्याशी बोलली नाही. तसं बघितलं तर हाही शांततेचा अर्धा तास नवऱ्याला मिळालाच.

बावन्न किलोमीटरवर चहाला थांबले. तिने मुद्दाम थांबवलं.

"आता बोल्ट बघ," ती म्हणाली.

"पाना कुठाय माहितीये? सगळ्यात खाली. त्याच्यावर खुर्च्या, खुर्च्यांवर हवेची नाव, नावेवर तुझ्या मुलीची बाहुलीची खोली."

"काढू या."

"परवा तर आवळलेत. आणि चाक सैल असतं तर मला स्टिअरिंगवर कळलं नसतं?"

"नाही कळणार. मागचं चाक आहे ते. चालवणाऱ्याला काही जाणवतच नाही, तसं चाळिसाव्या..."

"बरं बाई." तो कॅरॅव्हॅनपाशी गेला आणि त्याने रस्त्याच्या कडेच्या बाजूच्या चाकाला एक लाथ मारली. चाकाने तक्रार केली नाही. "झालं समाधान?"

झालं नव्हतं. ती वाकली. बोल्टच्या डोक्याभोवती लाल रंगाला बारीक भेगा गेल्या होत्या आणि खाली विटेच्या चुऱ्यासारखी भुकटी साठली होती.

"बाबा, इथे रंगाला तडा गेलाय."

दुसऱ्या कुठल्याही शब्दाने सासरे उठले नसते. "तडा? माझ्या रंगाला?" चहा तसाच ठेवून ते आले, चष्मा वर करून वाकले, आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी ती भुकटी स्वच्छ पुसून टाकली. "धूळ आहे. रस्त्याची. माझ्या रंगाला तडा जात नाही, बारा वर्षं तरी."

आता चाक पुन्हा चकचकीत दिसायला लागलं. पुराव्याचा इतक्या प्रेमाने नायनाट झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला. तिच्या एका हातात चहा होता, दुसऱ्या हातात भिंगरी, आणि तोंडात अडतिसावं पान. ते तिने चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर पुन्हा एकदा खाली ढकललं.

त्यानंतर तीसेक किलोमीटर सगळं उत्तम चाललं. रस्ता मोकळा होता. नवरा गुणगुणत होता. आणि मग मोटारीच्या खिडकीबाहेरून, शेजारच्या मोकळ्या पट्टीवरून, एक चाक त्यांना मागे टाकून पुढे गेलं.

लाल चाक. एकटंच. मागेपुढे कुणी नाही. मजेत धावत होतं.

"बघ, बघ!" नवरा म्हणाला. "कुणाचं तरी चाक निघालं! काय एकेक माणसं असतात. गाडीची निगा म्हणून राखायची नाही."

"किती छान लाल आहे," भिंगरी म्हणाली.

मागे बसलेल्या सासऱ्यांनी मात्र चष्मा सारखा केला. स्वतःचा रंग माणूस ओळखतो.

मग मागून लोखंड फरफटल्याचा आवाज आला, कॅरॅव्हॅन एका बाजूला कलली आणि शेपटी धरून ओढावं तशी मोटारीला ओढू लागली. नवऱ्याने ब्रेक दाबला नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं शहाणपण म्हणायचं. ठिणग्या उडवत, वळवळत, सगळं लटांबर कडेला जाऊन थांबलं. मागे कुणी नव्हतं. पुढेही कुणी नव्हतं. चाक तेवढं दोनशे पावलांवर एका खड्ड्यात जाऊन आडवं झालं.

"कुणाला लागलं?" ती ओरडली. कुणाला लागलं नव्हतं.

"मला वाटलंच होतं," नवरा खाली उतरून म्हणाला, "काहीतरी आवाज येतोय." त्याला काहीही वाटलेलं नव्हतं. पण त्याचे हात गार पडले होते, म्हणून तिने ते वाक्य तसंच जाऊ दिलं.

तिने पर्समधून किल्ली काढली आणि कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. ओट्याच्या वरचं कपाट भिंतीपासून सुटलं होतं. ते पलंगावर पडलं होतं. सासऱ्यांनी सरळ घातलेल्या चादरीवर, उशीच्या बरोबर मधोमध. उशी त्याखाली दिसतही नव्हती.

सासरे तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी आत बघितलं. मग भिंगरीकडे बघितलं. ती रस्त्याच्या कडेने, चाक किती लांब गेलं ते उड्यांनी मोजत चालली होती.

"अर्धा तास म्हणालो होतो आपण," ते म्हणाले.

तासाभराने गॅरेजवाली आली. पन्नाशीची, अंगाने आडवी, कानामागे खडू खोचलेला. तिने कॅरॅव्हॅन आपल्या ट्रकवर चढवली, खड्ड्यातलं चाक एका हाताने उचललं आणि सगळ्यांना गॅरेजात नेलं. तिथे आधी ती चाकाची आतली बाजू दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिली.

"रंग कुणी दिला?" तिने विचारलं.

"मी," सासरे म्हणाले. सवयीने त्यांची मान ताठ झाली.

"काका, काम देखणं आहे. मी तीस वर्षं चाकं बघतेय, आतून एवढं निगुतीने रंगवलेलं चाक बघितलं नाही."

"आतून आम्ही कधी..."

"पण रंगामुळेच निघालं ते."

गॅरेजात कॉम्प्रेसर चालू होता तो नेमका तेव्हाच बंद पडला.

"म्हणजे?" सासरे म्हणाले.

"हे बघा." तिने नखाने आतला रंग खरवडला. लाल साल निघाली, जाड. "तीन हात?"

"तीन."

"चाकाला तीन, चकतीला तीन. मध्ये सहा थरांची गादी. बोल्ट आवळला की वाटतं, बसलं घट्ट. पण ते बसलं गादीवर. गाडी धावली, गादी दबली, रंगाची भुकटी झाली. तेवढी जागा मोकळी झाली की बोल्ट सैल. मग तो हलतो, हलता हलता फिरतो, फिरता फिरता निघतो. आणि कडेच्या बाजूला खड्डे जास्त, म्हणून तेच चाक आधी." तिने उरलेला एक बोल्ट दिव्यासमोर धरला. "आणि याच्यावर नाचलं कोण?"

"सव्वीस उड्या," भिंगरीने अभिमानाने वडिलांकडे बोट दाखवलं.

"शाब्बास, साहेब. आटे ताणून ठेवलेत. याला आता पिठाच्या गोळ्याइतकी पकड आहे." तिने दुसऱ्या बाजूच्या, अजून जागेवर असलेल्या चाकाच्या बोल्टला हात घातला आणि नुसत्या बोटांनी तो दोन वेढे फिरवून दाखवला. "हेही निघालंच होतं. पुस्तक मिळालं नव्हतं का बरोबर?"

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. हे तिला अपेक्षितच होतं. आता तो म्हणणार, हिने वाचलं होतं, हिने कट्ट वाजणारा पानाही सांगितला होता, मीच ऐकलं नाही. आणि तसंच तो म्हणाला, प्रामाणिकपणे, मान खाली घालून. "चूक माझी आहे. ही सांगत होती. मीच उड्या मारल्या. बाबांच्या रंगाचा काय दोष? त्यांना कुठे माहीत होतं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवरा आपणहून चूक कबूल करत होता, सगळा दोष स्वतःच्या अठ्ठ्याहत्तर किलोंवर घेत होता. नुसतं गप्प राहिलं की झालं. गप्प राहायचा तिला आता चांगला सराव होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"आत रंग लावायचा नसतो ते. पुस्तकात होतं. मी खाली रेघ मारली होती. बुधवारी बाबा रंगवत होते तेव्हा मला माहीत होतं." ती सासऱ्यांकडे वळली. "मी बोलले नाही, बाबा. आज चहाच्या वेळीही बोलले नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"का नाही बोललीस?"

"तुम्ही इतकं छान..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलण्यासारखं नव्हतं.

"अगं, चाळीस वर्षांत लोकांनी मला वाटेल ते ऐकवलं," सासरे हळूच म्हणाले. "पिवळा फिका झाला, पांढरा पिवळा झाला. ऐकून घ्यायचं, खरवडायचं, परत करायचं. यात माझं काय जाणार होतं?"



सासरे गॅरेजवालीकडे वळले. "रंग काढायची पट्टी आहे का? आणि तारेचा ब्रश?"

"काका, माझा माणूस करेल."

"तुमचा माणूस कडा खराब करेल."

ते एका आडव्या टायरवर बसले आणि त्यांनी चाक मांडीत घेतलं. आधी चाकाची आतली बाजू, मग एकेका भोकाची कड, मग गाडीवरची चकती, आणि मग दुसऱ्या बाजूचंही तसंच. पट्टी धरलेला हात थरथरत होता, चांगलाच. कधी ती घसरली की ते थांबायचे, मनगट गुडघ्याला टेकवायचे आणि परत सुरू करायचे. लाल साली त्यांच्या पायाशी पडत होत्या. नवरा पुढे झाला, "बाबा, द्या इकडे," म्हणाला, आणि त्यांनी मान वर न करता त्याला बाजूला व्हायला सांगितलं. खाली लखलखीत लोखंड दिसेपर्यंत दीड तास गेला. बाहेरच्या लाल रंगाला त्यांनी धक्का लावला नाही. गॅरेजवालीने बोट फिरवून बघितलं आणि नुसती मान हलवली.

मग तिने नवे बोल्ट काढले. आधी हाताने फिरवून बसवले, मग समोरासमोरचे एकेक, तो मोजणारा पाना लावून. कट्ट. कट्ट. नवरा शेजारी उभा राहून शाळेतल्या मुलासारखा बघत होता आणि शेवटचा बोल्ट तिने त्याच्याकडून आवळून घेतला. पाना वाजल्यावर तो आणखी थोडं दाबायला गेला.

"साहेब."

"हो, हो."

"पन्नास किलोमीटरवर?"

"थांबायचं आणि बघायचं," नवरा म्हणाला. "पान्याने."

"लाथेने नाही."

"नाही."

सासरे नळावर हात धूत होते. नखांतला लाल रंग निघत नव्हता. ती भिंगरीला घेऊन गॅरेजच्या पायरीवर बसली होती. मुलगी चार मिनिटांच्या वर एका जागी बसली होती, याचा अर्थ ती काहीतरी विचार करत होती. एक मोठी लाल साल उचलून तिने ती उजेडात धरली, आरपार दिसतं का ते बघितलं.

"आई."

"काय गं?"

"मला तू सकाळी नाही म्हणालीस. मी किती रडले, तरी नाही म्हणालीस."

"हो ना, राणी."

"पप्पा म्हणाले तरी पण नाही. सगळे रागावले तरी पण नाही."

"हो."

भिंगरीने आजोबांकडे बघितलं. ते अजून नळाखाली हात चोळत होते. मग ती आईच्या कानाशी आली, पण तिला कुजबुजता येत नसे, त्यामुळे ते नळापर्यंत सहज ऐकू गेलं.

"मग आजोबा रंगवत होते तेव्हा त्यांना 'नाही' का नाही म्हणालीस?"